पान एकेचाळीसवरची सरळ रेघ

९ जून, सोमवार. नळाला पाणी अर्धा तास उशिरा. इस्त्रीवाल्याने उशांचे दोन अभ्रे कमी आणले, त्याला तसाच परत पाठवला. दुपारी चिरंजीव आले, वन्संसाठी अहवाल घेऊन. पाने १८४, कागद गुळगुळीत, वास रॉकेलसारखा. मंडई हटवण्याबद्दल आहे. आभाराच्या पानावर वन्संचा उल्लेख. वन्सं खुशीत. वाचता वाचता त्यांनी बटाटे करपवले. पातेले भिजत घातले आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. मी या घरात आले तेव्हा त्या इथेच होत्या, नवरा गेला तेव्हाही इथेच होत्या, आणि आता आम्ही दोघीच आहोत. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढल्यावर माणसाबद्दल जे जे वाटू शकतं ते सगळं मला त्यांच्याबद्दल वाटून झालेलं आहे. वीटसुद्धा आला आहे, अनेकदा. पण गेल्या अडीच महिन्यांत ज्या गोष्टींचा मला वीट आला, त्यांत वन्सं नाहीत.

त्यांची नोकरी भाव विचारण्याची. सांख्यिकी कार्यालयातर्फे एकतीस वर्षं, दर मंगळवारी सकाळी आठला, त्या आमच्या भागातल्या मंडईत जायच्या आणि ठरलेल्या सव्वीस वस्तूंचे भाव लिहून आणायच्या. बटाटे, कांदे, अंडी, साबण, केरसुणी. हातात पुठ्ठ्याची पाटी, तिला चिमट्याने लावलेला तक्ता, कानामागे लाल-निळी पेन्सिल. मंडईत त्यांना सगळे पेन्सिलबाई म्हणत. त्या मंडईतून त्यांनी स्वतःसाठी कधी काही घेतलं नाही. भाजी मी आणायची.

कोपऱ्यावरची अंडीवाली त्यांना चिडवायची. "पेन्सिलबाई, एकदा तरी एक अंडं घ्या हो. नुसताच भाव विचारता, कोंबडीला वाईट वाटतं."

"गिऱ्हाईक झाले की तू मला दुसराच भाव सांगशील," वन्सं म्हणायच्या. "मला परक्या माणसाचा भाव हवाय."

"एकतीस वर्षं येताय, आता परक्या कशा राहिल्या?"

वन्सं पेन्सिल कानामागे खोचायच्या. त्या पुढच्या गाळ्याकडे वळायच्या.

सासरे वारले तो मंगळवार होता. वन्सं बुधवारी गेल्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात "बुधवारी घेतले" असं लिहिलं. साहेब म्हणाले, बाई, काय फरक पडतो, मंगळवारच लिहा की. त्यांनी लिहिलं नाही. ताप अंगात असताना त्या गेल्या आहेत, गुडघाभर पाण्यातून गेल्या आहेत. सलग एकतीस वर्षांची नोंद, एकही आठवडा न चुकता, अशी त्या कार्यालयात दुसऱ्या कुणाची नव्हती. निवृत्तीच्या दिवशी त्यांना काचेत मढवलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांच्या खोलीत पलंगासमोर आहे. त्यावरची धूळ त्या स्वतः पुसतात, मला हात लावू देत नाहीत.

माझा मुलगा अर्थशास्त्राचा डॉक्टर. घरात त्याला आम्ही "औषध न देणारा डॉक्टर" म्हणतो, किंवा नुसतं डॉक्टर. एका सल्लागार कंपनीत आहे, आणि नगरपालिकेने त्या कंपनीला एक प्रश्न दिला होता: मंडई बंद केली तर या भागात महागाई होईल का? डॉक्टरने मॉडेल बांधलं. त्याला आकडे हवे होते. आत्याचे आकडे कार्यालयातल्या कॉम्प्युटरमध्ये होतेच.

तीन दिवस वन्संनी तो अहवाल वाचला, हातात तीच लाल-निळी पेन्सिल धरून. पहिल्या दिवशी त्या मला वाक्यं मोठ्याने वाचून दाखवत होत्या. दुसऱ्या दिवशी नुसती पानं मागेपुढे करत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी पुसत होते, तेव्हा त्या अहवाल उघडा धरून ओट्यापाशी आल्या.

"वहिनी, हे पान एकेचाळीस बघा."

आलेख होता. एक काळी रेघ वरखाली जाणारी, आणि मध्ये मध्ये करड्या पट्ट्या. करडी पट्टी म्हणजे मंडई बंद होती ते आठवडे. एकतीस वर्षांत असे त्रेचाळीस प्रसंग. कधी पूर, कधी संप, कधी छपराची दुरुस्ती. आणि प्रत्येक करड्या पट्टीत काळी रेघ आडवी, सरळ, फूटपट्टीने मारावी तशी.

"म्हणजे मंडई बंद असताना भाव वाढले नाहीत," मी म्हटलं.

"भाव नाही. ही रेघ माझी आहे."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. आठवड्याचे तक्ते कार्यालयात वह्यांत बांधत, आणि तक्ता असा होता की एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही. रिकामा चौकोन म्हणजे काम न केल्याची खूण, असं साहेब म्हणत. गाळा बंद असेल तर मागच्या आठवड्याचा भाव पुन्हा लिहायचा आणि त्याभोवती वर्तुळ काढायचं. वर्तुळाचा अर्थ, हा भाव मी ऐकलेला नाही. मंडईच बंद असेल तर सव्वीसच्या सव्वीस आकडे मागचे, सव्वीस वर्तुळं. वन्सं ती लाल टोकाने काढायच्या, कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून.

"आणि इथे वर्तुळं कुठे आहेत?" मी विचारलं.

"तेच शोधतेय तीन दिवस."

पण वन्संचा चेहरा उतरला तो वर्तुळांमुळे नव्हे. त्यांनी पुढची पानं उलटून दाखवली. बेचाळीस ते पंचेचाळीस. मंडई बंद होऊनही भाव का वाढत नाहीत, याची कारणं त्या चार पानांत दिली होती. लोक दुसरीकडे वळतात, विक्रेते हातगाड्या लावतात, मागणी पुढे ढकलली जाते. बाण काढलेले, चौकटी काढलेल्या, चौकटीतून चौकटीत जाणारी कारणं. जे घडलंच नव्हतं त्याची चार पानं कारणं, आणि ती वाचायला इतकी पटण्यासारखी की मलाही क्षणभर पटली. मला शिसारी आली. भाजीतून अळी निघाली तर एवढं वाटत नाही. अळी निदान खरी असते.

रविवारी डॉक्टर जेवायला आला. वन्संनी ताट वाढू दिलं, अर्धं जेवण होऊ दिलं, मग विचारलं.

"माझ्या वर्तुळांचं काय केलंस रे?"

तो हसला. "आत्या, तुला सगळं लक्षात असतं हं! अगं, वह्या कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम तेव्हा आमच्याच कंपनीकडे होतं. भरणाऱ्या मुलींनी विचारलं होतं मला, वर्तुळाचं काय करायचं. त्या रकान्यात फक्त आकडा बसतो. मी म्हटलं, आकडा टाका."

म्हणजे त्याला माहीत होतं. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होते, तो तिथेच टेबलावर ठेवला.

"मग ती सरळ रेघ खोटी आहे हे तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"आई, खोटी काय खोटी. जिथे आकडा नसतो तिथे काहीतरी धरावंच लागतं. जगभर तसंच करतात."

"धर की," वन्सं म्हणाल्या. "पण तू नुसतं धरलं नाहीस. त्या रेघेवरून तू सांगितलंस की मंडई बंद झाल्याने भाव वाढत नाहीत."

डॉक्टरने पावाचा तुकडा मोडला. तो समजावण्याच्या सुरात आला की त्याचा आवाज मऊ होतो. लहानपणी खोटं बोलताना व्हायचा, तसाच.

"बघ आत्या. पूर आला म्हणून मंडई बंद. पण पुरात रस्तेही बंद, ट्रकही बंद. भाव वाढले तर ते मंडईमुळे की पुरामुळे? कारण असं उघड्या डोळ्यांना दिसत नसतं. म्हणून मॉडेल लागतं. मॉडेलमध्ये मी एकच गोष्ट हलवतो, बाकी सगळं जागच्या जागी ठेवतो."

"खऱ्या बाजारात बाकी सगळं जागच्या जागी राहतं कधी?"

"नाही राहत. म्हणून तर मॉडेलमध्ये ठेवायचं."

"म्हणजे मंडई तू हलवलीस आणि माझा हात जागच्या जागी ठेवलास," वन्सं म्हणाल्या. "तो आकडा हलला नाही कारण मी तो हलवला नाही. दुसरं काहीही कारण नाही. तुझी ती चार पानं माझ्या पेन्सिलीबद्दल आहेत, बाबा."

"बरं, समजा तू म्हणतेस तसं. ती त्रेचाळीस काढून टाकली तर माझ्याकडे उरतं काय? काही नाही. मग उत्तर काय देऊ?"

"माहीत नाही, असं लिही."

"त्यासाठी कोणी सल्लागार नेमतं का गं?" आणि तो पुन्हा हसला. भाजी वाढ म्हणाला. मी वाढली. ती का वाढली, याचा मला अजून राग येतो.

वन्संपुढे आता एकच प्रश्न होता. नगरपालिकेची सुनावणी पंधरा दिवसांवर होती. तिथे उभं राहून आपली रेघ आपली आहे हे सांगायचं, तर एकतीस वर्षांच्या सलग नोंदीला स्वतःच्या हाताने भगदाड पाडायचं. न सांगायचं, तर मंडईतले बेचाळीस गाळे त्यांच्या नावावर बंद होणार. आभाराच्या पानावर नाव होतंच.

दोन दिवस त्या त्रेचाळीस तारखांची यादी करत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या डायऱ्या काढता का?"

मी वयाच्या अकराव्या वर्षापासून रोजनिशी लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये मोठ्या सिस्टरांनी सवय लावली. पाहिलं ते लिहा, ऐकलं ते लिहू नका, आणि खाडाखोड केलीत तर पूर्ण पान पुन्हा. आम्ही दोघी माळ्यावरच्या पेट्या उतरवून बसलो. मंडई बंद होती ते त्रेचाळीस प्रसंग त्यांनी तारीखवार सांगितले आणि मी पानं काढली. त्यांतल्या सात प्रसंगी मी भाजीचा भाव लिहिला होता. पाचदा वाढला होता, त्यातही दोनदा दुप्पट. एकदा होता तेवढाच. आणि एकदा, छपराच्या दुरुस्तीच्या वेळी, कमी झाला होता, कारण हातगाडीवाले थेट दारात येत होते.

"हा नको दाखवायला," मी म्हटलं.

"हा सगळ्यात आधी दाखवायचा," वन्सं म्हणाल्या. "भाव वाढतात असं सांगायला आपण जात नाही आहोत. कोणालाच माहीत नाही, हे सांगायला जातोय."

सुनावणीचा हॉल नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर. खुर्च्यांना प्लास्टिकची आवरणं, ती मांडीला चिकटत होती. समितीच्या टेबलावर बिस्किटांच्या बशा आणि चहाचे कप, चहावर साय धरलेली. अध्यक्ष करंगळीने ती साय बाजूला करून कपाच्या कडेला पुसत होते. ती करंगळी पुढे माझ्या डायरीच्या पानांवरून फिरली. मंडईतले वीसेक लोक मागे उभे होते, अंडीवाली पुढे. तिने वन्संना पाहून हात केला.

डॉक्टरने पडद्यावर पान एकेचाळीस दाखवलं. छान बोलला. कुठे अडखळला नाही.

मग वन्सं उठल्या. आकडे आपलेच आहेत, पण करड्या पट्टीतले आपण ऐकलेले नाहीत, नियमाप्रमाणे मागचे उतरवले आहेत, आणि त्यांवर वर्तुळं होती, एवढं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं.

"म्हणजे बाई, तुम्ही खोटे आकडे भरले?" अध्यक्षांनी विचारलं.

"नियम होता. आणि खूण केली होती."

"खूण इथे दिसत नाही."

"मूळ वह्यांत आहे. वह्या मागवा."

सांख्यिकी कार्यालयाचा माणूस उठला. वह्या चार वर्षांपूर्वी रद्दीत गेल्या, म्हणाला. जागा हवी होती. सगळं कॉम्प्युटरवर घेतल्यावर त्यांचं काम नव्हतं. हे त्याने खिशातला रुमाल काढता काढता सांगितलं आणि नाक शिंकरलं.

वन्संना हे माहीत नव्हतं. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. 

"मग वर्तुळाचे आकडे कोणते आणि खरे कोणते, हे आता कसं ओळखायचं?" अध्यक्षांनी विचारलं. "की सगळेच तसे?"

"सगळे तसे नाहीत," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

मी उठले आणि डायऱ्या पुढे नेल्या. पानांना कागदाच्या पट्ट्या लावल्या होत्या, तरी अध्यक्षांनी मधूनच एक उघडली आणि मोठ्याने वाचली.

"'वन्सं सकाळपासून तोंडाचा चंबू करून बसल्या आहेत. टोमॅटो दुप्पट.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे टोमॅटो दुप्पट झाले, त्याचं कारण यांचं तोंड, असं समजायचं का?"

हॉल हसला. समिती हसली, कार्यालयाचा माणूस रुमालात हसला. डॉक्टर खाली मान घालून कागद सारखे करत होता, पण त्याच्या तोंडाचा कोपरा मला दिसला. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराचा तोंडाचा कोपरा आई ओळखते. आणि ते वाक्य माझ्या हातचं होतं, हे तर त्याहून वाईट. वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मागे उभ्या लोकांत फक्त अंडीवाली हसली नाही. "साहेब," ती म्हणाली, "बंद असताना आम्हाला कुणी काही विचारलं नाही, एवढंच त्या सांगतायत. त्यात हसायचं काय?"

तिला खाली बसायला सांगितलं. तिला खुर्चीच नव्हती.

परत आम्ही रिक्षाने आलो. जिना चढून दारापाशी आल्यावर मी म्हटलं, "वन्सं, ते चंबूचं…"

"बसलेच असेन मी चंबू करून," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहिलं ते लिहिलंत. किल्ली काढा आता, पाय दुखतायत."

तीन आठवड्यांनी निर्णय आला. मी तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की एखादं पान गळलं असावं. सदर नोंदी संशयास्पद असल्यामुळे त्या संपूर्ण, म्हणजे एकतीसच्या एकतीस वर्षांच्या, विचारातून वगळण्यात येत आहेत. तथापि सल्लागारांनी दुसऱ्या एका शहरातील आकडेवारीवर हेच मॉडेल चालवून पाहिले असता तोच निष्कर्ष आल्याने मंडई पहिल्या तारखेपासून बंद करण्यात यावी. आकडे गेले, निष्कर्ष राहिला. पायाच काढून घेतला तरी इमारत हवेत तशीच उभी, आणि हे लिहून खाली सही करणाऱ्याला काहीच वाटत नाही.

वन्संनी कागदाची घडी घातली आणि आपल्या खोलीत गेल्या. प्रशस्तिपत्र त्यांनी उतरवलं नाही. मला वाटलं होतं उतरवतील. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कधी नव्हे ती माझी पिशवी घेऊन मंडईत गेल्या आणि सहा अंडी घेऊन आल्या. कोणत्या भावाने घेतली ते मी विचारलं. म्हणाल्या, "अंडीवालीने घेतले नाहीत पैसे. मी भांडले. मग तिने घेतले, जास्तच घेतले."

त्या शनिवारी संध्याकाळी डॉक्टर आला. केक आणला होता, गुलाबी खोक्यात, रिबिनीसकट. जणू कुणी पास झालं होतं. आल्या आल्या तो आत्याच्या पलंगावर जाऊन बसला, तिचा हात हातात घेतला. मी दारात उभी होते.

"आत्या, तू उगाच मनाला लावून घेतलंस. निर्णय नीट वाचलास ना? तुझे आकडे शेवटी लागलेच नाहीत. त्या दुसऱ्या शहराच्या आकड्यांवर झालं सगळं. म्हणजे मंडई बंद होतेय त्यात तुझा काहीएक भाग नाही. तू कारणच नाहीस त्याला."

तो हे खरोखर दिलासा म्हणून सांगत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ते पाणी पाहून मला जी किळस आली ती इथे लिहिते, कारण स्वतःच्या मुलाबद्दल असं वाटतं का कधी, असं कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे, की हो, वाटतं.

वन्संनी हात सोडवून घेतला. रागाने नव्हे, चष्मा हवा होता म्हणून. चष्मा लावून त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"त्या शहरात," त्यांनी विचारलं, "गाळा बंद असला की काय लिहितात?"

डॉक्टरने मनगटावरचं घड्याळ सारखं केलं.

"रिकामा चौकोन ठेवतात का मागचा भाव उतरवतात? तुला ठाऊक असेल ना."

"ते… बघावं लागेल," तो म्हणाला. "विचारून सांगतो."

"सांग. मी आहे इथेच."

तो चहा न घेता गेला. पायऱ्यांवरून उतरताना त्याच्या बुटांचा आवाज तळापर्यंत ऐकू आला. आज त्याला तीन आठवडे झाले. दर रविवारी फोन येतो, तब्येत विचारतो, हवापाणी विचारतो. त्या शहराचं मात्र सांगत नाही. वन्सं एकदाच विचारतात, मग फोन माझ्याकडे देतात.

त्या शनिवारची नोंद काढून पाहिली. वर दिवसभराचं सगळं आहे. शेवटी संध्याकाळचं असं आहे: केकला मुंग्या लागल्या. खोका पाण्याच्या ताटात ठेवला.